शाळेच्या दारातली चाळणी

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराला लागून एक जुने महाविद्यालय आहे. १८५३ साली पेनसिल्वेनिया राज्यातल्याच बीव्हर नावाच्या गावी ते स्थापन झाले, म्हणून त्याचे नाव बीव्हर कॉलेज. पुढे गाव सुटले, नाव मात्र राहिले. बीव्हर हा तसा निरुपद्रवी प्राणी. दातांनी झाडे कुरतडावीत, ओढ्यावर बांध घालावा आणि त्यामागे सुखाने राहावे, एवढाच त्याचा उद्योग. पण अमेरिकन बोलीत या शब्दाला एक चावट अर्थही आहे, आणि त्यावरून होणारी थट्टा कॉलेजाने अनेक वर्षे निमूटपणे सोसली. नव्वदीचे दशक संपता संपता एक नवीच अडचण उभी राहिली. कुठल्या कॉलेजात जावे याचा शोध घेणारी शाळकरी मुले आपल्या शाळेतल्या संगणकावर या कॉलेजाची वेबसाइट उघडायला जात, तर ती उघडेचना. शाळेने बसवलेल्या सॉफ्टवेअरला नावातला तो शब्द अश्लील वाटत होता. २००१ साली कॉलेजाने नाव बदलले. आज ते आर्केडिया युनिव्हर्सिटी म्हणून ओळखले जाते. नामांतराची इतरही कारणे होती, पण हेही एक होते, हे कॉलेजाच्या प्रमुखांनीच त्या वेळी सांगितले होते.

सुमारे दीडशे वर्षांच्या संस्थेला नाव बदलणे परवडले. ज्या मुलाला गृहपाठासाठी हवे असलेले पान उघडत नाही, त्याने काय बदलावे?

या सॉफ्टवेअरला तिकडे ‘फिल्टर’ म्हणतात. आपण चाळणी म्हणू. इंटरनेट घराघरांत शिरू लागले तेव्हाच्या चाळण्या अगदी भाबड्या होत्या. त्यांना काही अक्षरे शिकवलेली असत; ती दिसली की दार बंद. इंग्लंडमध्ये स्कन्थॉर्प नावाचे एक पोलाद गाव आहे. त्याच्या स्पेलिंगच्या पोटात चार अक्षरांची एक शिवी दडलेली आहे. १९९६ साली तिथल्या लोकांना अमेरिका ऑनलाइन या सेवेवर नाव नोंदवता येईना, कारण गावाचे नाव लिहिले की यंत्र लाजत असे. त्याच वर्षी एका चाळणीने चक्क व्हाइट हाउसचे एक पान अडवले. त्या पानावर होते काय, तर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन, उपराष्ट्राध्यक्ष गोर आणि त्यांच्या पत्नी. पत्त्यात ‘कपल्स’, म्हणजे जोडपी, असा शब्द होता, एवढाच त्यांचा अपराध! आपल्याकडे कोणी अशी अक्षरओळखीची चाळणी बसवली आणि तिला ‘लिंग’ हा शब्द वर्ज्य म्हणून शिकवला, तर काय होईल याची कल्पना करून पाहा. बारा ज्योतिर्लिंगे गेली, मराठी व्याकरणातले अर्धे प्रकरण गेले, आणि नोकरीचा अर्जही गेला.

इथवर सगळे हसण्यावारी नेण्यासारखे होते. चाळण्यांचे उत्पादकही पुढे शहाणे झाले. नुसती अक्षरे पाहण्याऐवजी त्यांनी वेबसाइटींच्या याद्या केल्या आणि त्यांचे वर्ग पाडले: जुगार, हिंसा, खेळ, गप्पाटप्पा, लैंगिकता वगैरे. शाळेने नको त्या वर्गांवर खूण करायची, की काम झाले. पण जगातली पाने कोट्यवधी, आणि ती रोज बदलणार. माणसांनी बसून एकेक वाचणे शक्यच नव्हते. तेव्हा बहुतांश वर्गवारी यंत्रानेच करायची, असा मामला राहिला.

ही चाळणी शाळांच्या दारात आली ती कायद्याने. त्याचीही एक गंमत आहे. १९९६ साली अमेरिकी संसदेने इंटरनेटवरच्या असभ्य मजकुरासाठी थेट शिक्षा ठोठावणारा कायदा केला. तो पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. त्या खटल्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूचे लोक म्हणत होते, की सगळ्या देशाचे तोंड कशाला बांधता? ज्या आईबापांना काळजी आहे ते आपल्या घरी फिल्टर बसवतील. न्यायालयालाही ते पटले. जो उपाय स्वातंत्र्याचा कैवार घेताना सुचवला गेला, तोच तीन वर्षांनी सक्तीचा झाला. डिसेंबर २००० मध्ये क्लिंटन यांनी ‘चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’वर सही केली. ज्या शाळांना आणि वाचनालयांना इंटरनेटसाठी सरकारी सवलत हवी, त्यांनी चाळणी बसवलीच पाहिजे, असे त्यात ठरले.

ही सवलत कोणाला मिळते, ते नीट पाहायला हवे. ‘ई-रेट’ नावाच्या या योजनेत शाळेच्या जोडणीचा वीसपासून नव्वद टक्क्यांपर्यंत खर्च भागवला जातो. किती, ते ठरते शाळेत फुकट किंवा सवलतीच्या दरात जेवण मिळण्यास पात्र असलेली मुले किती, यावरून. शाळा जितकी गरीब तितकी सवलत मोठी. म्हणजे तितकीच या कायद्याची पकड घट्ट. श्रीमंत खासगी शाळेला सवलत नकोच असली तर चाळणीही नको. आणि ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याच्या वाट्याला इंटरनेट येते ते शाळेतलेच, चाळून आलेले.

मुलांना वाटेल ते दिसू द्यावे, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. कायदाही तसा अगदीच सरसकट नव्हता. त्याने अडवायला सांगितली ती चित्रे: अश्लील, मुलांचे लैंगिक शोषण दाखवणारी किंवा अल्पवयीनांना अपायकारक. शब्दांबद्दल त्यात सक्ती नाही. पण सवलत हातची जाईल या धास्तीने अनेक शाळांनी कायद्याच्या दहा पावले पुढे जाऊन खुणा केल्या. यूट्यूब बंद, ब्लॉग बंद, शरीराबद्दल काही विचारले तर तेही बंद.

याची किंमत किती, याचा हिशेब २००२ साली कैसर फॅमिली फाउंडेशनच्या संशोधकांनी मांडला. शाळा-वाचनालयांतल्या प्रचलित चाळण्या त्यांनी सुमारे तीन हजार आरोग्यविषयक वेबसाइटींवर आणि काहीशे अश्लील साइटींवर चालवून पाहिल्या. चाळणी सर्वांत सैल ठेवली, तेव्हा अश्लील साइटींपैकी ८७ टक्के अडल्या आणि आरोग्याच्या अवघ्या १.४ टक्के. चाळणी सर्वांत घट्ट केली, तेव्हा अश्लील अडल्या ९१ टक्के. आरोग्याच्या मात्र २४ टक्के. चार टक्क्यांच्या कमाईसाठी आरोग्याची जवळजवळ चौथाई माहिती घालवायची, असा हा व्यवहार! सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. इथे सुके थोडेच जास्त जळाले आणि ओल्याची होळी झाली. आणखी एक. सुरक्षित लैंगिक संबंध, कंडोम अशा शब्दांनी शोध घेतला, तर सैल चाळणीतही दहातली एक आरोग्य-साइट अडत होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला जे आईला विचारता येत नाही आणि बाईंनाही विचारता येत नाही, नेमके तेच.

अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने या कायद्याविरुद्ध दावा लावला. मे २००२ मध्ये फिलाडेल्फियाच्या तीन न्यायाधीशांपुढे जी उदाहरणे आली, ती वाचताना हसावे की रडावे कळत नाही. होन्डुरासमधल्या एका ख्रिस्ती अनाथाश्रमाचे पान एका चाळणीने ‘प्रौढ, उघड लैंगिक’ या सदरात टाकले होते. होऊ घातलेल्या दंतवैद्यांसाठी असलेले पानही त्याच सदरात! न्यायाधीशांनी कायद्याचा तो भाग रद्द केला. पण जून २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी तो पुन्हा उचलून धरला. मोठ्या माणसाने ग्रंथपालाला सांगितले की चाळणी काढून मिळते, मग बिघडले कुठे, असा त्यामागचा एक मुद्दा होता. ग्रंथपालांचा दावा सार्वजनिक वाचनालयांपुरता होता. शाळांना लागू होणाऱ्या भागाला त्यात आव्हानच नव्हते. आणि शाळेतले मूल मोठे माणूस नसते.

शाळेत ही किल्ली कोणाकडे असते? बाईंकडे नसते. सहसा ती जिल्ह्याच्या संगणक विभागाकडे असते. तास चालू असताना पान अडले, तर अर्ज भरायचा आणि उत्तराची वाट पाहायची. तोवर धडा संपलेला असतो. २०११ साली अमेरिकी शिक्षण खात्यातल्या तंत्रज्ञान विभागाच्या तेव्हाच्या संचालक कॅरेन केटर यांनी जाहीरपणे सांगितले, की यूट्यूब उघडल्याने कायदा मोडत नाही, आणि शिक्षकांच्या निर्णयावर विश्वास ठेवावा. ज्या व्यक्तीच्या हाती तीस मुले दिवसभर सोपवतो, तिच्यावर विश्वास ठेवा, हे खात्याला सांगावे लागले!

यंत्राची वर्गवारी निदान निःपक्षपाती असेल, अशी कोणाची समजूत असेल, तर तिला मिसुरी राज्यात धक्का बसला. तिथल्या कॅमडेंटन शाळा-जिल्ह्यातल्या चाळणीत समलिंगी मुलांना आधार देणाऱ्या साइटी ‘लैंगिकता’ या वर्गात होत्या, म्हणून बंद. समलिंगी असणे पाप आहे असे सांगणाऱ्या साइटी ‘धर्म’ या वर्गात होत्या, म्हणून खुल्या. एकाच प्रश्नाची एक बाजू मुलांना दिसत होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ही चाळणी थांबवायला सांगितले, आणि पुढे तडजोडीत जिल्ह्याला वकिलांच्या खर्चापोटी सव्वा लाख डॉलर मोजावे लागले. ते वर्ग कॅमडेंटनच्या शिक्षकांनी पाडले नव्हते. यादी बाहेरून आली होती. शाळेने ती तशीच लावली.

ही यादी पालकांनी मागितली तर सहसा मिळत नाही. कंपन्या ती व्यापारी गुपित मानतात आणि कुलपात ठेवतात. ते कुलूप उघडून आत काय आहे ते पाहण्याची मुभा अमेरिकेच्या कॉपीराइट नियमांत २००० आणि २००३ साली दिली गेली होती. २००६ साली तिचे नूतनीकरण झाले नाही. पूर्वी वाचनालयात एखादे कपाट कुलूपबंद असे, पण काचेतून पुस्तकांची पाठ तरी दिसायची. आत काय आहे हे ठाऊक असायचे, किल्ली मागता यायची. इथे कपाट आहे की भिंत, हेच कळत नाही.

आणि हे जुने झाले म्हणावे, तर तसेही नाही. २०२४ साली ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने सोळा शाळा-जिल्ह्यांच्या चाळण्यांच्या नोंदी मिळवून तपासल्या. लैंगिक शिक्षणाची पाने अडलेली आढळली, तशी आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या मुलांना मदत करणाऱ्या संस्थांचीही.

दरम्यान चाळणीने शाळेचा उंबरठाही ओलांडला आहे. २०२० च्या महासाथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा असंख्य मुलांच्या हाती शाळेने लॅपटॉप दिले. ती मोठीच सोय झाली. पण अनेक ठिकाणी चाळणी यंत्रातच बसवलेली असते. ती मुलाबरोबर बसमधून घरी येते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडते. रात्री जेवणे आटोपल्यावर एखादी मुलगी उद्याच्या निबंधासाठी काही शोधते. समोर तेच पान येते: ही साइट आपल्या शाळेने बंद केली आहे. थोरल्या बहिणीकडे फोन असेल तर ती मागून घेते. नसेल तर निबंधाचा विषय बदलते.