दोन सामन्यांचा खेळाडू



जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हें नांव महाराष्ट्रांतील वाचकांना नवें नाहीं. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ सालच्या पुस्तकानें गुलामगिरींत जन्मलेल्या या कृषिशास्त्रज्ञाला आपल्या घराघरांत आणून बसविलें. अमेरिकेच्या आयोवा संस्थानांत एम्स या गांवीं जें शेतकी कॉलेज होतें, त्याची पदवी कार्व्हर यांनीं १८९४ सालीं घेतली. तेथील ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढें सुमारें तीस वर्षांनीं त्याच कॉलेजांत आणखी एक कृष्णवर्णीय तरुण शेतकीचें शिक्षण घेण्यास आला. त्याचें नांव जॅक ट्राइस. कॉलेजच्या मुख्य फुटबॉल संघांतून तो अवघे दोन सामने खेळला, आणि दुसऱ्या सामन्यानें त्याचा प्राण घेतला. तरीहि आज त्या विद्यापीठाचें साठ हजारांवर प्रेक्षक मावतील असें भव्य क्रीडांगण त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. दोन सामन्यांना एवढें मोल कशानें आलें, तें आज पाहूं.

ट्राइसचा जन्म १९०२ सालीं ओहायो संस्थानांतील हायरम या लहानशा गांवीं झाला. वडील त्याच्या लहानपणींच वारले. पुढें आईनें त्याला शिक्षणासाठीं क्लीव्हलंड शहरीं नातेवाइकांकडे धाडलें. तेथील ईस्ट टेक्निकल हायस्कूलमध्यें त्याच्या खेळाचें तेज प्रथम दिसलें. शाळेचे क्रीडाशिक्षक सॅम विलमन १९२२ सालीं आयोवाच्या कॉलेजांत रुजू झाले, आणि त्यांच्या पाठोपाठ ट्राइस व त्याचे कांहीं सवंगडी तेथें दाखल झाले. ट्राइसनें पशुसंवर्धन हा विषय घेतला. मिळेल तें काम करून तो शिक्षणाचा खर्च भागवी. शिक्षण संपवून दक्षिणेंतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना साहाय्य करावें, असा त्याचा मानस होता.

तो जो फुटबॉल खेळे, त्याचें आपल्याकडील फुटबॉलशीं साम्य नांवापुरतेंच आहे. त्याचा चेंडू लांबट असतो. तो बहुधा हातांत घेऊन धांवावयाचें, आणि प्रतिपक्षानें धांवणाऱ्याला अंगाशीं भिडून भुईवर लोळवावयाचें, अशी त्याची रीत. आपल्या हुतूतूंतील धरपकड डोळ्यांपुढें आणली म्हणजे थोडी कल्पना येईल. ट्राइसची जागा पुढच्या फळींत असे. आघात करावयाचा आणि सोसावयाचा, हेंच त्या जागेचें काम. त्या काळीं अंगावर संरक्षणाचीं साधनें जुजबीच असत.

शिवाय वर्णभेदाचा आघात होताच. आयोवा ज्या कॉलेजांशीं सामने खेळे, त्यांतील कांहीं कॉलेजें कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानांत उतरूं देण्यास राजी नव्हतीं.

१९२३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ६ तारखेस मिनियापोलिस येथें मिनेसोटा विद्यापीठाशीं सामना होता. आदल्या रात्रीं ट्राइसनें हॉटेलच्या कागदावर स्वतःसाठींच एक टिपण लिहिलें. उद्यां आपल्या वंशाची, कुटुंबाची आणि स्वतःची अब्रू पणाला लागणार आहे. सर्वांच्या आपल्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत, आणि त्या आपण पुऱ्या करूं, अशा आशयाचा तो मजकूर होता. खालीं प्रतिपक्षाच्या कोणत्या डावांवर नजर ठेवावी, याच्याहि सूचना होत्या.

सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळांत त्याच्या गळ्याजवळचें हाड मोडलें. तरीहि तो खेळत राहिला. उत्तरार्धांत प्रतिपक्षाची चाल अडवितांना तो खालीं पडला, आणि कित्येक खेळाडू त्याला तुडवीत पुढें गेले. हें बुद्धिपुरस्सर झालें कीं खेळाच्या भरांत, याविषयीं तेव्हांपासून वाद चालत आला आहे. मिनेसोटानें सामना २० विरुद्ध १७ असा जिंकला. प्रवासास हरकत नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितल्यावरून ट्राइसला आगगाडीनें एम्सला आणलें. पण पोटांत रक्तस्राव होऊन ८ ऑक्टोबर रोजीं तो मरण पावला. वय अवघें एकवीस. दुसऱ्या दिवशीं कॉलेजच्या आवारांत सुमारें चार हजार लोक जमले. त्याच्या कोटांत सांपडलेलें तें टिपण तेथें वाचून दाखविण्यांत आलें.

या टिपणांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्याच्या गौरवर्णीय सोबत्यांना दुसऱ्या दिवशीं केवळ सामना खेळावयाचा होता. ते हरले असते तर एक संघ हरला असता. ट्राइस चुकला असता तर त्याचा सारा वंशच नालायक ठरविण्यास लोक टपलेले होते. एकवीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हें ओझें कोणीं ठेवलें, हा प्रश्न त्याच्या शौर्याच्या स्तुतीनें मिटत नाहीं.

पुढें व्यायामशाळेंत त्याच्या नांवाची पाटी लागली, आणि तीवर धूळ सांचली. १९५७ सालीं विद्यार्थ्यांच्या एका मासिकानें त्याची कथा पुन्हां छापली. १९७३ च्या सुमारास नवें क्रीडांगण बांधलें जात असतां त्याला ट्राइसचें नांव द्यावें, अशी मागणी विद्यार्थ्यांनीं केली. क्रीडांगण १९७५ सालीं खुलें झालें, पण नांव मिळालें नाहीं. १९८४ सालीं केवळ आंतील मैदानास त्याचें नांव देऊन तडजोड करण्यांत आली. विद्यार्थ्यांचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. १९८८ सालीं त्यांच्या प्रयत्नानें पुतळा उभा राहिला, आणि १९९७ सालीं अखेर संपूर्ण क्रीडांगणास ट्राइसचें नांव मिळालें. कॉलेजचा विद्यार्थी चार वर्षांनीं निघून जातो. म्हणजे ही मागणी एकानें दुसऱ्याच्या हातीं सोंपवीत, अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनीं तडीस नेली. ज्यांनीं ती आरंभिली, त्यांतील एकहि जण शेवटीं विद्यार्थी म्हणून तेथें नव्हता.

तो पुतळाहि पाहण्यासारखा आहे. शिल्पकारानें ट्राइसच्या हातीं चेंडू दिलेला नाहीं. विद्यार्थ्याच्या साध्या वेषांत, हातांतील तें टिपण वाचीत तो उभा आहे. आणि ज्या पदवीसाठीं तो एम्सला आला होता, ती त्याला मृत्यूनंतर शंभर वर्षांनीं, २०२३ सालीं, विद्यापीठानें मरणोत्तर अर्पण केली.