दोन पाण्यांची रेघ

मनोरीची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे पावसाळ्यात ओहोटीच्या वेळी पाण्यात एक रेघ उमटते. अलीकडे गढूळ पाणी, पलीकडे हिरवट समुद्र, मध्ये फेसाचा पट्टा. ‘मध्ये अदृश्य भिंत असते, दोन पाणी कधी मिसळतच नाहीत,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. कॉलेजची पायरी चढलो नाही. पण डोळ्यांना दिसते त्याचे कारण विचारायला पदवी लागत नाही.

पहिली गोष्ट रंगाची. स्वच्छ, खोल पाणी उन्हातील तांबडा भाग शोषून घेते आणि निळा परत पाठवते. म्हणून ते निळे दिसते. बाकीचे रंग बहुतेक पाण्याने वाहून आणलेल्या मालाचे. माती असली तर तपकिरी, सूक्ष्म शेवाळ असले तर हिरवा, कुजलेल्या पाल्याचा अर्क उतरला तर कोऱ्या चहासारखा. ब्राझीलमध्ये मानाउस शहराजवळ पाल्याच्या अर्काने काळी झालेली रिओ नेग्रो आणि मातीने पिवळट झालेली सोलिमोंइस या नद्या सुमारे 6 किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात. काळी संथ आणि उबदार, पिवळी वेगवान आणि थंड; म्हणून मिसळायला वेळ लागतो. पुढे मात्र त्या एकच होतात.

आपल्या खाडीत वजनाचा फरक मिठाने पडतो. एक किलो समुद्रजलात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे नदीचे गोडे पाणी हलके ठरून वर तरंगत पुढे सरकते. घरी पाहायचे असेल तर पेल्यात मीठ विरघळवलेले पाणी घ्यावे आणि शाईचे दोन थेंब टाकलेले साधे पाणी चमच्याच्या पाठीवरून हळूच वर सोडावे. रेघ स्पष्ट दिसेल. चमच्याने ढवळले की ती गेली! समुद्रात हे ढवळणे वारा, लाटा आणि भरती-ओहोटी करतात. भिंत कुठेच नसते.

आता माती कुठे जाते? गोड्या पाण्यात चिकणमातीचे कण एकाच जातीच्या विद्युत्‌भारामुळे एकमेकांना दूर लोटतात. खारे पाणी भेटले की हे लोटणे मंदावते. कण एकत्र येऊन जड होतात आणि तळाशी बसतात. खाडीचा बराचसा चिखल असा जमतो, आणि त्यातच तिवरे मूळ धरतात. रेघेवर तरंगता पाला आणि बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे मासळी येते.

इथवर सारा निसर्गाचा व्यवहार झाला. पण याच खाडीत आपली दहिसर नदीही येते. तुळशी तलावाकडच्या जंगलात उगम पावून ती बोरीवली-दहिसरच्या वस्तीतून वाहते. जंगलातून आलेला पावसाळी तपकिरी रंग मातीचा. वस्तीत मात्र तिच्यात सांडपाणी आणि तबेल्यांचे शेण मिळत आले आहे. ही घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. तो संपला की दुसऱ्या जातीचे जंतू कामाला लागतात, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो आणि चिखलातील लोहाशी त्याचा संयोग होऊन पाणी काळे दिसते. तेव्हा काळ्या रंगाचा अर्थ असा, की त्या पाण्यात माशाला श्वास उरलेला नाही.

काळे पाणी खाडीत शिरले की थोड्या अंतरावर रंग दिसेनासा होतो आणि आपण निर्धास्त होतो. पण रंग गेला म्हणजे घाण गेली असे नव्हे. मातीच्या कणांना चिकटून आलेले जड धातू त्याच कणांबरोबर तळाशी बसतात. उलट, पाणी नितळ आहे म्हणजे निर्दोष आहे, असेही नाही. रसायनांच्या कारखान्यातला कुठलाही कामगार सांगेल, की अंग भाजणारे तेजाब पाण्यासारखेच नितळ असते.

म्हणून डोळ्यांनी पाहावे आणि मापही घ्यावे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजता येतो. निरोगी नदीत तो लिटरला 5 मिलिग्रॅमहून अधिक असावा लागतो. हा आकडा नदीवरच्या पुलाजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा फलकावर दर महिन्याला लिहिला जावा, एवढी मागणी आपण नागरिकांनी करावी. कोळ्याची रोजी या पाण्यावर आहे, आणि नाल्यात उतरून गाळ काढणाऱ्या कामगाराचे पाय रोज त्यात बुडतात. त्यांना तो आकडा कळण्याचा हक्क आहे.