दुतोंड्या मारुती आणि यंत्राची स्मृती

गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, एवढ्या बातमीवर सराफ बाजारातला दुकानदार माल माडीवर चढवावयाचा की नाही ते ठरवितो. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर मूर्ती सबंध पाण्याखाली गेली होती. हीच पाहणी एखाद्या लहान संगणकाकडे सोपविली, तर तो ती कशी करील, हे सांगण्याचा आमचा विचार आहे.

समजा, मूर्तीजवळ एका खांबाला त्या तीन उंचींवर तरंगते खटके बसविले आणि त्यांच्या तारा रास्पबेरी पाय या, 2012 साली निघालेल्या छोट्या संगणकाला जोडल्या. पाणी लागले की एक, नाहीतर शून्य. हे एक-शून्य चिपमधील 32 घरांच्या एका कप्प्यात उमटते. त्याला रजिस्टर म्हणतात. गंमत अशी की, या कप्प्याला स्मृतीतील साध्या खोलीसारखाच पत्ता दिलेला असतो. प्रोग्राम स्मृती वाचल्यासारखे करतो आणि वाचतो मात्र नदी! ही युक्ती नवी नव्हे. 1970 च्या पीडीपी-11 या यंत्रात ती होती, आणि डेनिस रिची यांनी सी ही भाषा त्याच यंत्रावर घडविली. सीमध्ये पत्ता हाती धरून थेट दार ठोठावता येते, याचे मग नवल वाटत नाही.

पण येथे लिनक्स आडवा येतो. प्रत्येक प्रोग्रामला तो स्वतंत्र, काल्पनिक नकाशा देतो. खरा पत्ता हा सिटी सर्व्हे नंबर म्हणावा, तर प्रोग्रामला ठाऊक असतो तो नुसता घरनंबर. पहिल्या रास्पबेरी पायमध्ये तारांच्या रजिस्टरांचा खरा पत्ता 53,89,68,064 आहे (पुढच्या आवृत्त्यांत तो बदलला). हा आकडा तसाच वापरला, तर लिनक्स बहुधा प्रोग्रामच बंद पाडतो. म्हणून ‘डेव्ह-मेम’ ही फाइल उघडून ‘एम-मॅप’ला अर्ज करावा लागतो. तो 4,096 बाइटांचे पान आपल्या नकाशात जोडून देतो. मागणी पानाच्या आरंभापासूनच हवी. आपला पत्ता 4,096 च्या बरोबर 1,31,584 पट असल्याने ती अडचण नाही. त्या पानात 52 बाइट पुढे आपला कप्पा आहे. नवशिका येथे हमखास फसतो. 32 बिटांच्या पॉइंटरचे एक पाऊल चार बाइटांचे, म्हणून 52 नव्हे, 13 पावले चालावयाची.

खरा घात पुढेच आहे. कंपायलर मोठा काटकसरी गृहस्थ. ‘गळ्याशी पाणी येईपर्यंत पाहत राहा’ असे सांगितले, तर तो म्हणतो, हा प्रोग्राम त्या जागी काही लिहीत नाही, मग तेथील अंक बदलेल कसा? एकदा वाचून तो तेच उत्तर घोकीत बसतो. पूर चढतो आहे आणि यंत्र सकाळचीच बातमी सांगते आहे! त्यासाठी ‘व्होलाटाइल’ हा शब्द लिहावयाचा. दर वेळी प्रत्यक्ष जाऊन पाहा, हा त्याचा हुकूम.

तथापि, डेव्ह-मेमचा अधिकार साधारणतः केवळ मुख्य व्यवस्थापकाला असतो, तो उगीच नव्हे. एक आकडा चुकला की भलत्याच यंत्रभागाला हात लागतो. शिकण्यासाठी हा रस्ता आम्हांस उत्तम वाटतो. प्रत्यक्ष पुराच्या कामी मात्र लिनक्सच्या कर्नलमध्ये 2016 पासून असलेली तारांची सोय घ्यावी. तेथे खटका हलला की कर्नल आपण होऊन प्रोग्रामला हाक मारतो.