गादीवरची पाठ आणि सतरंजीवरचा अर्धा तास

पेठेतील कोणत्याही जुन्या दुकानात दुपारी चारच्या सुमारास डोकावून पाहावे. गादीवर बसलेले शेठ एक पाय दुमडून, दुसरा लांब सोडून, कोपराने तक्क्याला रेललेले असतात. मधूनच त्यांचा हात कंबरेमागे जातो, तेथे अंगठ्याने जरासे दाबले जाते आणि नजर पुन्हा खतावणीकडे, हल्ली संगणकाच्या पडद्याकडे, वळते. चाळिशीत ही केवळ सवय असते, पन्नाशीत तिची तक्रार होते आणि साठीत अस्थिरोगतज्ज्ञाकडची जाडजूड फाइल होते. गृहिणीची वाट वेगळी, पण मुक्काम तोच. ओट्याशी तासन् तास उभे राहणे आणि रजोनिवृत्तीनंतर हाडांची घटत जाणारी घनता या दोहोंचा हिशेब उशिरा का होईना समोर येतोच.

या घरांना योग नवा नाही. पहाटेचा योगवर्ग, दूरचित्रवाणीवरील प्राणायाम, सोसायटीच्या सभागृहातील सूर्यनमस्कार हे सर्व ओळखीचे आहे. अलीकडे त्यात पुण्यामुंबईहून आलेल्या सुनेच्या किंवा लेकीच्या तोंडचा एक नवा शब्द मिसळला आहे : पिलाटीज. मग जेवणाच्या वेळी वाद रंगतो. ‘आपल्या योगात काय नाही?’ असे वडील विचारतात आणि ‘पप्पा, तुमची आसने होतात, पण पोटात ताकद कुठे आहे?’ असे सून विचारते. या वादात दोघांचेही थोडे थोडे बरोबर असते, हे सांगणारा तिसरा मात्र सहसा ताटावर नसतो.

पिलाटीज हे एका माणसाचे आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज यांचा जन्म 1883 मध्ये जर्मनीतील म्योंशेनग्लाडबाख येथे झाला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते इंग्लंडमध्ये होते आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत पडले. आयल ऑफ मॅन बेटावरील छावणीत त्यांनी सोबतच्या कैद्यांना व्यायाम शिकविला. 1926 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारा यांच्यासह त्यांनी तेथे व्यायामशाळा चालविली. दुखावलेल्या नर्तक-नर्तिकांची तेथे रीघ लागे. आपल्या पद्धतीला त्यांनी स्वतः ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, असे नाव दिले होते. 1945 च्या त्यांच्या पुस्तकात 34 व्यायाम आहेत आणि ते सर्व साध्या जाजमावर करावयाचे आहेत. स्प्रिंगांची महागडी यंत्रे बसविलेली वातानुकूलित दालने पाहून ज्यांना हा श्रीमंतांचा शौक वाटतो, त्यांनी एवढी एक बाब ध्यानात घ्यावी. व्यापारी वाचकांना आणखी एका गोष्टीत रस वाटेल. या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगण्याचा प्रयत्न झाला होता. परंतु 2000 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ‘पिलाटीज’ हे योग किंवा कराटे यांसारखेच व्यायामप्रकाराचे सामान्य नाव ठरविले. त्यामुळे हे नाव आज कोणालाही वापरता येते. अर्थात, पाटी लावणारा प्रत्येक जण जाणकार असेलच असे नाही, हाही त्याच निकालाचा परिणाम.

वरवर पाहता दोन्ही पद्धती सख्ख्या बहिणी वाटतात. पिलाटीजमधील ‘टीझर’ नौकासनाची आठवण करून देतो, ‘स्वान’ भुजंगासनाची आणि ‘शोल्डर ब्रिज’ तर सेतुबंधासनच वाटते. फरक आहे तो करण्याच्या रीतीत. आसनात शरीर एका स्थितीत नेऊन तेथे स्थिर ठेवावयाचे असते. पिलाटीजमध्ये तीच हालचाल आठ-दहा वेळा, सावकाश, जाताना आणि परतताना सारख्याच ताब्याने करावयाची असते. सर्व लक्ष असते ते पोटाच्या सर्वांत आतील आडव्या स्नायूवर, मणक्यांना बिलगलेल्या छोट्या स्नायूंवर आणि श्रोणीच्या तळावर. कण्याला आतून बांधून ठेवणारा हा पट्टा दिवसभर तक्क्याला रेलणाऱ्या माणसात निजलेला असतो. शेठजींना पश्चिमोत्तानासनात पायाचे अंगठे धरता येतात, पण कापडाचे ठाण वरच्या फळीवरून उतरविताना चमक भरते, याचे एक कारण येथे सापडते. लवचीकता जमेला आहे, आधार नाही.

याचा अर्थ योग उणा, असा मुळीच नव्हे. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत स्वामी कुवलयानंद यांनी 1924 पासून उड्डियान आणि नौली या क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. पोटाच्या स्नायूंचे मोल तेथे पूर्वीच जाणलेले होते. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टा, लाकडी वीट, दोर आणि खुर्ची आसनांच्या सेवेला आणली, म्हणून ताठ गुडघ्यांच्या वृद्धालाही आसन करता येऊ लागले. उणीव आहे ती घरोघरी उरलेल्या योगात. दोन-चार ताण, थोडे कपालभाती आणि घाईचे शवासन एवढाच तो आक्रसला आहे.

वैद्यकीय पुराव्याबद्दलही स्पष्ट बोलावे. कंबरदुखीवरील प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेने घेतलेला आढावा पिलाटीजबाबत 2015 मध्ये आणि योगाबाबत 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत दोन्हींनी फायदा होतो. मात्र कंबरेच्या इतर व्यायामांपेक्षा यांपैकी कोणतीही पद्धत निश्चितपणे सरस ठरलेली नाही. म्हणजे जेवणाच्या ताटावरचा वाद विज्ञानाने कोणाच्याच बाजूने निकालात काढलेला नाही. दोन्ही एकत्र करण्याचे कारण एकीचा वरचष्मा हे नसून, दोघींची कामे वेगळी आहेत हे आहे.

एकत्र करताना खरी गफलत होते ती श्वासात. दीर्घ श्वसन शिकविताना योगशिक्षक पोट सैल सोडावयास सांगतात. श्वास आत येताच पोट वर यावे आणि श्वास नाकानेच चालावा. पिलाटीजमध्ये श्वास नाकाने घेऊन बरगड्या बाजूंना फुलवावयाच्या, तोंडाने सोडावयाचा आणि पोट सारा वेळ हलकेच आत सावरून धरावयाचे. दोन्ही रीती एकाच हालचालीत कोंबल्या की माणूस गोंधळतो आणि श्वासच धरून बसतो. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम वर जातो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावे आणि कुंभकाच्याही वाटेस जाऊ नये. तेव्हा अर्ध्या तासाचे सरळ दोन भाग करावेत. एका भागात एक श्वास, दुसऱ्या भागात दुसरा.

आधी कोणता भाग? बहुतेक घरांत आधी ताण आणि मग ताकद असा क्रम लावला जातो. तो उलटा ठेवणे अधिक श्रेयस्कर. प्रथम पाच मिनिटे ताडासन, खांदे फिरविणे आणि गुडघे-हात टेकून मार्जारासन. नंतर बारा ते पंधरा मिनिटे पिलाटीज : पाठीवर निजून, गुडघे दुमडून ‘शोल्डर ब्रिज’ आठ वेळा, एकेक पाय उचलणे, कुशीवर निजून वरचा पाय वर-खाली, मग चार पायांवर येऊन एक हात व विरुद्ध पाय लांब करणे. सुप्रसिद्ध ‘हंड्रेड’मध्ये पाच अंक श्वास घेत व पाच अंक सोडत, हात वर-खाली हलवीत शंभर मोजावयाचे असतात. नवख्याने तो डोके जमिनीवर व पाय दुमडलेले ठेवून तीस-चाळीसपर्यंतच करावा. त्यानंतर स्नायू ऊबदार असताना आसने : सौम्य भुजंगासन, त्रिकोणासन, भिंतीजवळ वृक्षासन आणि शेवटी पाच मिनिटांचे शवासन. हे शवासन कापून वेळ वाचवू नये. वाचलेला वेळ शेवटी मोबाइललाच जातो.

दिवसभर पुढे झुकलेल्या पाठीला सायंकाळी पुन्हा पुढेच वाकवावयाची घाई नको. गादीवरून उठलेल्या माणसाने प्रथम पाठीमागे जाणारी सौम्य आसने करावीत. मात्र मागे वाकताच ज्यांच्या पायांत मुंग्या येतात, त्यांच्यासाठी हाच सल्ला घातक ठरू शकतो. अशांनी वैद्यांना विचारूनच पुढे जावे.

घरातील ज्येष्ठ स्त्रियांबाबत तर अधिक कठोर सावधगिरी हवी. हाडांची घनता कमी असल्याचे डेक्सा तपासणीत आढळले असेल, तर कणा पुढे गोल करणारे प्रकार मणक्याला चीर पाडू शकतात. येथे दोन्ही पद्धती सारख्याच दोषी आहेत. योगातील पश्चिमोत्तानासन, हलासन, सर्वांगासन आणि पिलाटीजमधील ‘रोल अप’ वा चेंडूसारखे लोळणे हे सारे वगळावे. गटवर्गात शेजारची पंचविशीतील मुलगी करते म्हणून सासूबाईंनी करू नये, हे शिक्षकाने सांगावयास हवे. ते सांगितले जात नसेल, तर वर्ग बदललेला बरा.

वेळेची अडचण आपल्या घरांत वाटते तेवढी नाही. सकाळी नवकारशीपूर्वी पोट रिकामेच असते. चौविहार पाळणाऱ्यांचे भोजन सूर्यास्तापूर्वी होते, म्हणून रात्री दुकान वाढवून घरी परतल्यावरही जेवण व व्यायाम यांत दोन-तीन तासांचे अंतर आपोआप मिळते. फक्त त्या वेळी पाणीही वर्ज्य असल्याने घाम काढणारा भाग सकाळीच उरकावा, रात्री निव्वळ सौम्य आसने आणि शवासन. उपवासाच्या व आयंबिलच्या दिवसांत जोराचे व्यायाम बंद ठेवावेत, आणि शवासनातून उठताना आधी कुशीवर वळून, थोडे थांबून मग बसावे, नाही तर भोवळ येते.

चालण्याचे खाते मात्र निराळे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते; पासष्टीनंतर तोल व ताकद सांभाळणारे व्यायाम तीन दिवस. वर सांगितलेला अर्धा तास स्नायू आणि तोलाच्या खात्यावर जमा होतो, चालण्याच्या नव्हे. तो आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे; उरलेल्या दिवशी फिरावयास जावे.

पहिल्या पंधरवड्यात काही फरक दिसणार नाही, आणि नेमका तेव्हाच सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी राहते. सहा आठवड्यांनी मात्र सुनेने दुकानात जाऊन एवढेच पाहावे : गादीवरून उठताना पप्पांचा हात गल्ल्याच्या कडेकडे जातो की नाही.