मारायला गेला आणि स्वतःच पडला: 'रॅगडॉल' गेम खेळताना एवढं हसू का येतं?

गणपतीचे दिवस. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेली एक वाडी. आरती झालीय, मोदक संपलेत, बाहेर पाऊस धो-धो कोसळतोय आणि मोबाईलची रेंज नेहमीप्रमाणे ओटीच्या एका कोपऱ्यातच येतेय. मुंबईहून आलेली चाकरमान्यांची पोरं आणि गावातली पोरं पहिल्या दिवशी जरा बिचकूनच असतात. वर्षातून एकदा भेट होते, बोलायचं तरी काय?

मग कोणीतरी फोन आडवा करून मध्ये ठेवतो. एका टोकाला एकाचे अंगठे, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचे. स्क्रीनवर दोन काडीमाणसं. त्यातला एक जण तलवार उगारतो, त्याचा तोल जातो आणि तो स्वतःच खाली दरीत जातो. जिंकणाऱ्यालाही कळत नाही, आपण जिंकलो कसे. पाच मिनिटांत सगळी ओटी हसत असते आणि मागून काका विचारतात, "मला दे रे एकदा."

आमच्या घरी हे दरवर्षी होतं. तुमच्याकडेही झालं असेल. ज्यात कोणालाच धड उभं राहता येत नाही, अशा या गेमना म्हणतात रॅगडॉल गेम. पण पात्रं अशी लुळीपांगळी का केलेली असतात? आणि चार जण एकत्र बसल्यावर हाच गेम सगळ्यात जास्त का रंगतो? जाणून घेऊया.

रॅगडॉल म्हणजे काय?

रॅगडॉल म्हणजे सरळ मराठीत चिंध्यांची बाहुली. आजी जुन्या लुगड्याच्या तुकड्यांची करायची ना, तीच. उचलली की मान एकीकडे, हात दुसरीकडे. सोडाल तशी पडते.

गेममधलं पात्र हलवायच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. पहिली कळसूत्री बाहुलीसारखी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलाकार पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करत आलेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ही कला बातम्यांमध्ये आली होती. या खेळात बाहुलीचा हात किती वर जाणार, हे दोरी ओढणारा ठरवतो. बहुतेक गेममध्येही असंच असतं. चालणं, धावणं, ठोसा मारणं, मरून पडणं, सगळं एखाद्या अॅनिमेटरने आधीच बनवून ठेवलेलं असतं. म्हणून तर जुन्या गेममध्ये शत्रू जिन्यावर मेला काय किंवा मैदानात मेला काय, पडायची पद्धत एकच. कधी कधी तर अर्धं शरीर भिंतीच्या आत!

दुसरी पद्धत म्हणजे बाहुलीच्या दोऱ्या कापून टाकायच्या. आता ती कशी पडणार हे कोणी आधी ठरवलेलं नसतं. धक्का कुठून बसला, जमीन सपाट आहे की उतार, वाटेत काय आडवं आलं, यावरून कॉम्प्युटर त्या क्षणी हिशोब करतो. म्हणून दोन वेळा अगदी तशीच पडझड सहसा बघायला मिळत नाही.

याची सुरुवात कुठे झाली?

१९९८ मध्ये 'ज्युरासिक पार्क'वर आधारित 'ट्रेसपासर' नावाचा गेम आला. त्यातले डायनासोर आधी बनवलेल्या अॅनिमेशनवर नाही, तर भौतिकशास्त्राच्या नियमांवर चालावेत असा प्रयत्न होता. एवढंच नाही, तर खेळणाऱ्याला पात्राचा हातसुद्धा स्वतः वळवून वस्तू उचलाव्या लागायच्या. तो हात इतका वेडावाकडा फिरायचा की लोक वैतागले. गेम विक्रीत आपटला, पण रॅगडॉलचा इतिहास सांगताना सुरुवात त्याच्यापासूनच केली जाते.

दोन वर्षांनी, २००० मध्ये, डेन्मार्कच्या आयओ इंटरअॅक्टिव्ह कंपनीचा पहिला 'हिटमॅन' गेम आला आणि गाडी रुळावर आली. त्यामागचं गणित थॉमस जेकबसन यांनी २००१ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या एका परिषदेत उलगडून सांगितलं. गंमत म्हणजे त्याचं मूळ गेममध्ये नव्हतंच. लू व्हर्ले या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये अणू-रेणूंच्या हालचालींचा हिशोब करायला जी पद्धत वापरली होती, तीच इथे कामाला आली.

हे काम कसं करतं?

समजा तुम्ही माणसाचं चित्र फक्त ठिपके आणि काठ्यांनी काढलं. डोकं, खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, ढोपरं, घोटे हे ठिपके. त्यांना जोडणारी हाडं म्हणजे काठ्या. आता कॉम्प्युटरला तीन कामं करायची असतात.

१. प्रत्येक ठिपका मघाशी कुठे होता आणि आता कुठे आहे, ते बघायचं. त्यावरून तो पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधायचा आणि गुरुत्वाकर्षणाने त्याला थोडं खाली ओढायचं. वेग वेगळा लिहून ठेवायची गरजच नाही.

२. असं केल्यावर काठ्यांची लांबी बिघडते. हात ताणला जातो, पाय आखूड होतो. मग काठीची दोन्ही टोकं थोडी थोडी सरकवून लांबी पुन्हा जुळवायची.

३. एक काठी जुळवली की शेजारची बिघडते. म्हणून हे परत परत करायचं, सगळं 'चालेल' इतपत जुळेपर्यंत.

हे सगळं सेकंदाला साधारण ३० ते ६० वेळा चालू असतं. कधी कधी एखादं मेलेलं पात्र जमिनीवर थरथरताना दिसतं, ते यामुळेच. काठ्या जुळता जुळत नसतात आणि कॉम्प्युटर त्यांना जुळवत बसलेला असतो.

पण ही झाली नुसती पडणारी बाहुली. मारामारीच्या गेममधली बाहुली पडते आणि उभी राहायचा प्रयत्नही करते. तिला म्हणतात अॅक्टिव्ह रॅगडॉल.

यातला फरक समजून घ्यायचा असेल तर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारी एसटी आठवा. खिडकीपाशी गाढ झोपलेला प्रवासी प्रत्येक वळणाला शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडतो. ही साधी रॅगडॉल. मध्ये दांडा धरून उभा असलेला प्रवासीही हेलकावे खातो, पण दर वेळी पाय रोवून तोल सावरतो. ही झाली अॅक्टिव्ह रॅगडॉल. गेम बनवणारे या पात्राच्या सांध्यांना थोडी ताकद देतात. 'सरळ उभं राहा' असं सांगतात, पण ताकद मुद्दाम कमी ठेवतात. म्हणून ते पात्र पहाटेच्या एसटीत अर्धवट झोपेत उभं असल्यासारखं वाटतं.

मग यातून मारामारीचा गेम कसा झाला?

२००७ मध्ये हंगेरीच्या एका प्रोग्रामरने 'सुमोतोरी ड्रीम्स' नावाचा छोटासा गेम बनवला. दोन सुमो पैलवान समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि बहुतेक वेळा दोघंही कोसळतात. कुस्तीपेक्षा नंतर उठायची धडपडच बघण्यासारखी. पूर्ण गेमचा आकार ९६ किलोबाइट. तुमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी येणारा 'शुभ प्रभात'चा फोटोही त्याहून जड असू शकतो.

२००८ मध्ये बेनेट फॉडी यांचा 'क्वॉप' आला. यात मारामारी नव्हती, फक्त १०० मीटर धावायचं होतं. पण दोन बटणं मांड्यांना आणि दोन पोटऱ्यांना. बहुतेकांचा धावपटू सुरुवातीच्या रेषेपाशीच आडवा व्हायचा.

या दोन कल्पना एकत्र करा आणि मित्र जोडा, की होतो 'गँग बीस्ट्स'. इंग्लंडच्या बोनलोफ या छोट्या स्टुडिओचा हा गेम २०१४ मध्ये अर्धवट अवस्थेत लोकांना खेळायला मिळाला आणि डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला. जेलीसारखी गुबगुबीत माणसं धावत्या ट्रकवर, आकाशपाळण्यावर किंवा उंच इमारतीला टांगलेल्या पाळण्यात एकमेकांना ओढतात आणि खाली फेकायला बघतात. डाव्या हाताचं बटण वेगळं, उजव्याचं वेगळं. दाबलं की ठोसा, धरून ठेवलं की पकड. पण फेकायला गेलात आणि समोरच्याने तुमचा पाय धरला असेल, तर दोघंही खाली!

त्याच पठडीत २०१७ मध्ये काडीमाणसांचा 'स्टिक फाइट' आणि २०२३ मध्ये कुत्र्यामांजरांच्या पिल्लांचा 'पार्टी अॅनिमल्स' आला. यासाठी बहुतेक वेळा कॉम्प्युटर किंवा गेमिंग कन्सोल लागतो. आपल्याकडे गावात ओटीवर चालतो तो बहुतेक 'सुप्रीम डुएलिस्ट स्टिकमन'सारखा मोबाईल गेम. एकाच फोनवर दोघांना खेळता येतं आणि इंटरनेटही लागत नाही. रेंज नसलेल्या वाडीत याहून मोठी सोय ती काय!

कोणी पडलं की हसू का येतं?

यावर विचारवंतांनी बराच विचार केलाय. फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसन यांनी १९०० मध्ये हसण्यावर एक पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की जिवंत माणूस एखाद्या यंत्रासारखा किंवा निर्जीव वस्तूसारखा वागायला लागला की आपल्याला हसू येतं. रॅगडॉलमध्ये दुसरं काय होतं? रुबाबात चालत येणारा लढवय्या एका क्षणात बटाट्याचं पोतं होतो.

२०१० मध्ये पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या अमेरिकन संशोधकांनी वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते हसू यायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. काहीतरी चुकलं पाहिजे आणि त्याच वेळी 'कोणाचं काही बिघडलं नाही' हेही कळलं पाहिजे. यातली दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

पण मित्रांसोबतच एवढी मजा का?

बीजीएमआयसारख्या गेममध्ये रोज खेळणारा आणि कधीतरी खेळणारा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कबड्डीचं मैदानही तसंच. आपल्या रायगडात गावोगावी कबड्डीचे संघ आहेत, पण नियमित सराव करणाऱ्याला धरायला नवख्याने जायचं म्हणजे ढोपरं फोडून घेणंच. कसब लागणाऱ्या खेळात हे बरोबरच आहे. पण त्यामुळे होतं काय, की दोघं खेळतात आणि बाकीचे बघतात.

रॅगडॉल गेम तुमचा ताबा मुद्दाम थोडा काढून घेतो. सरावाचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण चांगला खेळणाराही अधूनमधून स्वतःच्याच पायात अडकतो. त्यामुळे आठ वर्षांची पुतणी कॉलेजमधल्या दादाला हरवू शकते आणि हरलेल्या दादाला 'माझा पाय घसरला' असं म्हणायची सोय असते. हरल्याची लाज वाटत नाही म्हणून कोणी रुसून उठत नाही. आणि एक डाव काही सेकंदांत संपतो, म्हणून सगळ्यांचा नंबर लागतो.

आमच्या ओटीवरची ती बिचकलेली पोरं का मोकळी होतात, त्याचं उत्तर मला इथे मिळतं. बोलायला विषय लागत नाही. "तू पडलास कसा पण?" हाच विषय असतो.

बाहुली उठते, माणसाचं काय?

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ. महाड आणि पोलादपूर दोन्ही मुंबई-गोवा महामार्गावर. पावसाळ्यात चिखलात, खड्ड्यात बाईक घसरल्याचे व्हिडिओ दरवर्षी ग्रुपवर फिरतात. वर विनोदी गाणं, खाली हसण्याच्या इमोजी. दिसायला ते हुबेहूब रॅगडॉलसारखंच असतं. मीही असे व्हिडिओ पुढे पाठवलेत.

मग एकदा त्यातला एक जण ओळखीचा निघाला. हात मोडला होता, दोन महिने कामाला जाता आलं नाही. पण त्याला जास्त लागलं होतं ते वेगळंच. बाजारात लोक हसत विचारायचे, "तूच ना तो व्हिडिओतला?"

'कोणाचं काही बिघडलं नाही' ही अट गेममध्ये पूर्ण होते, कारण बाहुली पुढच्या डावात परत उभी असते. व्हिडिओत मात्र पडल्यानंतरचं काही दाखवतच नाहीत. क्लिप तिथेच कापलेली असते. बिघडलं की नाही हे आपल्याला माहीत नसतं, आपण ते गृहीत धरतो. म्हणून पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा, हा माणूस नंतर उठला का? उत्तर माहीत नसेल तर बोट आवरा. पडझड बघून हसायचंच असेल तर त्यासाठी बाहुल्या आहेत.

आणि हो, लहान मुलांच्या हातात फोन देताना आधी इंटरनेट बंद करा. असे बरेच मोबाईल गेम फुकट असतात, त्यामुळे दर दोन डावांनी जाहिरात येते आणि पोरं भलत्याच ठिकाणी बोट लावतात. वाडीत ते काम रेंज आपोआप करते, शहरात तुम्हाला करावं लागेल.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की आमच्याकडची मुंबईची पोरं परत निघतात. यंदा एसटी सुटताना खिडकीतून शेवटचा आवाज आला तो आठ वर्षांच्या पुतणीचा. "दादा, पुढच्या वर्षी प्रॅक्टिस करून ये!"