तिजोरीची किल्ली आणि खात्याची किल्ली

आपल्या जुन्या पेढ्यांवर एक शिरस्ता असे. सायंकाळी रोकडीचा मेळ बसला, की तिजोरीची किल्ली मालक स्वतः कमरेस लावीत. किल्ली ही सांगावयाची नव्हे, बाळगावयाची वस्तू आहे, हे त्यातील मर्म होय. आज पेढीचा सारा पत्रव्यवहार, बिले व बँकेच्या सूचना ईमेलच्या खात्यात असतात. त्या खात्यास कुलूप मात्र आपण केवळ एका शब्दाचे लावतो.

दोन वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या बेळगावच्या पेढीवर याचा कडू अनुभव आला. 'खाते बंद होणार आहे, त्वरित पडताळणी करा,' असे पत्र आमच्या दिवाणजींस आले. उघडलेले पान हुबेहूब खऱ्यासारखे होते. त्यांनी पासवर्ड लिहिला, मोबाईलवर आलेला सहा आकडी ओटीपीही लिहिला. चोराने तो तत्क्षणी खऱ्या पानावर वापरला. तिसऱ्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "शेटजी, तुम्ही बँक बदललीत काय?" आमच्याच पत्त्यावरून, आमच्याच बिलावर, परका खातेक्रमांक गेला होता. गिऱ्हाईक सावध म्हणून रक्कम वाचली. परंतु तीस वर्षांची पत त्या दिवशी एका धाग्यावर लोंबकळत होती. दिवाणजींस दोष तरी कसा द्यावा? जे सांगता येते, ते फसवून काढूनही घेता येते.

यावर उपाय म्हणजे सुरक्षा-किल्ली. ही अंगठ्याएवढी वस्तू संगणकास जोडावी लागते. काही प्रकार मोबाईलला नुसते टेकविले तरी चालतात. प्रथम नोंदणी करताना किल्ली त्या संकेतस्थळासाठी दोन आकड्यांची एक जोडी निर्माण करते. त्यांपैकी एक आकडा संकेतस्थळाकडे जातो. दुसरा, गुप्त आकडा, किल्लीतच राहतो. पुढे प्रत्येक वेळी संकेतस्थळ एक नवे कोडे पाठविते. आपण बोटाने स्पर्श केल्यावर किल्ली त्यावर सही करते. सहीत संकेतस्थळाचा खरा पत्ताही गुंफलेला असतो. पान कितीही हुबेहूब असो, पत्ता एका अक्षराने जरी निराळा असला, तरी ती सही खऱ्या दाराशी चालत नाही. माणसाचा डोळा फसतो. किल्ली फसत नाही.

ही रीत 'वेबऑथन' या नावाने मार्च २०१९ मध्ये जागतिक मानक म्हणून मान्य झाली. तिची कसोटीही लागली आहे. २० जुलै २०२२ रोजी अमेरिकेतील क्लाउडफ्लेअर कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांस एका मिनिटाच्या आत फसवे संदेश आले. तिघांनी आपले पासवर्ड खोट्या पानावर लिहिलेही. परंतु प्रत्येकास किल्ली सक्तीची असल्याने चोरांस आत शिरता आले नाही.

मात्र किल्ली हरवली तर? हुंडी गहाळ झाल्यास पेठ, आणि पेठही गहाळ झाल्यास परपेठ, अशी तजवीज आपल्या पूर्वजांनी केलेलीच होती. तीच दूरदृष्टी येथे हवी. या किल्लीची नक्कल निघत नाही. म्हणून आरंभीच दोन किल्ल्या घेऊन दोन्ही खात्यावर नोंदवाव्यात. एक जवळ बाळगावी, दुसरी तिजोरीत ठेवावी. एक हरवताच दुसरीने प्रवेश करून हरवलेलीची नोंद काढून टाकावी. तसेच मोबाईलच्या ओटीपीने आत येण्याची वाट खुली राहिली असेल, तर तीही बंद करावी. पुढील दारास भक्कम कुलूप लावून परसदार उघडे ठेवण्यात शहाणपण नाही.

ही किल्ली सर्व रोगांवरील मात्रा नव्हे. अनेक बँकांचे व्यवहार ओटीपीवरच चालतात, तेथे सावधगिरी हीच ढाल. नवा खातेक्रमांक कळविणारे पत्र कोणाकडूनही येवो, जुन्या ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याविना पैसे धाडू नयेत.

आमच्या पेढीवर आता दिवाणजींच्या जुडग्यात एक किल्ली अधिक आहे. प्रारंभी त्यांस ती कटकट वाटली. आता सायंकाळी ते स्वतःच ती मोजून घेतात. पत मिळविण्यास पिढ्या लागतात. ती राखण्यास एक किल्ली बाळगणे जड वाटू नये.