माहितीचे कोठार

दिवाळी उलटली की यवतमाळ जिल्ह्यातील रस्त्यांच्या कडा कापसाच्या बोंदऱ्यांनी पांढुरक्या दिसू लागतात. वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी अशा गावी कापसाने भरलेली वाहने रांगेने उभी राहतात. पूर्वी ह्या रांगेत बंड्याच असत. आता ट्रॅक्टर आणि मालमोटारीच अधिक. भरलेले वाहन काट्यावर तोलतात, कापूस उतरल्यावर रिकामे वाहन पुन्हा तोलतात आणि दोहोंतील फरक कास्तकाराच्या नावे मांडतात. ह्या वजनाची चिठ्ठी म्हणजे काटापट्टी. वर्षभराच्या श्रमाचे मोल त्या वीतभर कागदावर अवलंबून असते.

पूर्वी जिनातील मुनीम हा सारा व्यवहार रोजकीर्दीत आणि खतावणीत उतरवून ठेवी. त्या वह्यांना वाळवीचे भय होते, गळक्या छपराचे होते आणि सर्वांत मोठे भय होते आगीचे. कारण रुईच्या ढिगाला एक ठिणगीही पुरे होते. आज कास्तकाराचे नाव, कापसाचे वजन, त्यातील ओलावा, भाव, बँकेतील खाते आणि १७० किलोंच्या एकेका गाठीचा क्रमांक, हे सर्व संगणकात जाते. ते नाहीसे झाले, तर कोणाचे किती देणे राहिले हे सांगणार कोण? म्हणून ही माहिती कोठे आणि कशी साठवावी, हे जिनमालकाला विचारपूर्वक ठरवावे लागते.

पुष्कळांचा पहिला प्रश्न असतो, ‘ह्यात मावेल किती?’ थोडा हिशेब केला, तर तो प्रश्न एवढा महत्त्वाचा नाही असे दिसते. संगणकातील साठ्याचे माप म्हणजे बाइट. इंग्रजी अक्षराला सामान्यतः एक बाइट पुरतो. देवनागरीतील अक्षराला, तसेच काना, मात्रा, वेलांटी ह्यांपैकी प्रत्येकाला, प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. एका काटापट्टीत अशी हजार चिन्हे धरली, तरी एक लाख काटापट्ट्यांना तीस कोटी बाइट पुरतात. एवढी माहिती नखाएवढ्या पत्रीत सहज मावते! उलट, फाटकावरचा रात्रंदिवस चालणारा कॅमेरा एवढी जागा तासाभरात व्यापून टाकतो. पण त्याची चित्रे काही आठवड्यांनी पुसली तरी चालतात. हिशेबाचे तसे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपनीला आपले हिशेब निदान आठ वर्षे जपावे लागतात. म्हणजे जे अत्यंत मोलाचे, तेच सर्वांत थोडी जागा मागते. तेव्हा आधी मोलाचे कोणते आणि टाकाऊ कोणते, हे वेगळे करणे इष्ट.

साठवणाच्या साधनांपैकी सर्वांत परिचित साधन म्हणजे फिरती तबकडी. ती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्यावरील अक्षरे वाचणारी सुई तिला न शिवता, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असते. असे नाजूक यंत्र कधीतरी बिघडायचेच. त्यावर एक चतुर उपाय आहे. १९८८ साली अमेरिकेतील बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ ह्या तिघांनी एका निबंधात अशा उपायांची व्यवस्थित मांडणी केली. समजा, एका तबकडीवर ७ लिहिले आणि दुसरीवर ५. तर तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहून ठेवावी. पहिली तबकडी बिघडली, तर १२ मधून ५ वजा करून हरवलेले ७ परत मिळतात. प्रत्यक्षात बेरजेची रीत जरा निराळी असते, पण तत्त्व हेच.

मात्र ह्या युक्तीवर विसंबून स्वस्थ बसणारा फसतो. कारकुनाने चुकून एखादे खाते पुसले, तर बेरीजही तत्काळ त्या चुकीप्रमाणे बदलते. आग लागली, तर तिन्ही तबकड्या एकदमच जळतात. म्हणून अगदी स्वतंत्र अशी दुसरी प्रत हवी, आणि तीही संगणकाला सदैव जोडलेली नको. २०१७ च्या जून महिन्यात एक दुष्ट आज्ञावली जगभर पसरली आणि जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क ह्या कंपनीचे संगणक तिने निकामी केले. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या धक्क्याचे कामही विस्कळीत झाले. कंपनीच्या संगणकजाळ्याचा सर्व तपशील ज्यात असतो, अशा यंत्रांच्या प्रती जागोजागी होत्या. परंतु त्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने एकदमच नष्ट झाल्या. वाचली ती फक्त आफ्रिकेतील घाना देशातली एक. तेथे नेमकी वीज गेलेली होती! विजेच्या लपंडावाने त्रासलेल्या यवतमाळकरांना ही हकीकत विशेष गमतीची वाटावी.

काही मोठे उद्योग ह्यासाठी चुंबकीय फिती वापरतात. फीत गुंडाळून कपाटात ठेवली की तिच्यापर्यंत कोणतीही तार पोहोचत नाही. लहान जिनाला फितीचे यंत्र परवडत नाही. काढून ठेवता येईल अशी साधी तबकडी त्याला पुरते. पण ते कपाट जिनाच्याच आवारात असून भागत नाही. २०२३ च्या जुलै महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि हेलिकॉप्टर धाडावी लागली. अशा वेळी एकाच गावातील दोन प्रती एकीसारख्याच ठरतात. एखादी प्रत नागपूरला किंवा मुंबईला, भाड्याच्या संगणककोठारात असणे बरे. आता ह्या सोयीलाही मर्यादा आहे. चार टेराबाइट, म्हणजे चार लाख कोटी बाइटांचा साठा शंभर मेगाबिट वेगाच्या तारेतून परत आणावयाचा, तर साडेतीन दिवसांहून अधिक काळ लागतो. इतके दिवस कास्तकार काट्यावर ताटकळत कसा राहील? सबब रोजच्या कामाची प्रत जवळच असावी लागते. तिच्यासाठी रुईच्या धुरळ्यापासून दूर, कुलूपबंद व थंड खोली लागते. वैशाखात यवतमाळचे ऊन संगणकालाही सोसत नाही.

शहाणा जिनमालक एवढ्यावरही थांबत नाही. महिन्यातून एकदा तो दूरच्या प्रतीतून गतवर्षीची कोणतीही एक काटापट्टी मागवतो, तिची मूळ कागदी चिठ्ठी शोधून काढतो आणि मुनीमजींना दोन्हींवरील वजने मोठ्याने वाचायला लावतो.